सूत्राने लावलेली पैज



संमेलनाच्या अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून खाली बसावे, अशी आपल्याकडे पद्धत आहे. मी मात्र भांडण लावणारा विषय घेऊन आलो आहे. अलीकडे आपण सल्लागार मल्टी-फॅक्टर इंडेक्स फंड, म्हणजे अनेक निकषांनी (फॅक्टरनी) समभाग निवडणाऱ्या निर्देशांकाची नक्कल करणारा फंड, भरपूर सुचवतो आणि ग्राहकाच्या पत्रकात तो बिनदिक्कत ‘पॅसिव्ह’ या रकान्यात टाकतो. माझ्या मते तो रकाना चुकीचा आहे.

इथे सेबीकडे बोट दाखवून सुटका नाही. ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने इंडेक्स फंडाला अट घातली ती निर्देशांकातल्या समभागांत किमान ९५ टक्के रक्कम ठेवण्याची. जानेवारी २०१९ मध्ये भर पडली: निर्देशांकात निदान १० समभाग हवेत, आणि एकाचे वजन २५ टक्क्यांवर, क्षेत्रीय निर्देशांकात ३५ टक्क्यांवर, जाता कामा नये. म्हणजे नक्कल नीट होते का आणि सगळा भार एकाच कंपनीवर नाही ना, हे नियामक बघतो. मूळ निर्देशांक कोणत्या मताने बांधला, हे बघायचे काम आपले.

अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये एका छोट्या लेखात हिशेब मांडला. बाजारातले सगळे समभाग बाजारातल्याच प्रमाणात धरतो तो पॅसिव्ह; बाकी सारे ॲक्टिव्ह. व्याख्या कडक आहे, पण तिच्यातून कसोटी मिळते. उद्या प्रत्येकाने अख्खा बाजार घेतला तर कोणाचेच अडत नाही. पण प्रत्येकाने मोमेंटम ३० या फॅक्टर निर्देशांकातले तीसच समभाग घ्यायचे ठरवले, तर उरलेले समभाग कोण सांभाळणार? मी एखादा समभाग बाजारापेक्षा जास्त धरतो, तेव्हा दुसऱ्या कोणीतरी तो कमी धरलेला असतो. त्याचे चुकते आहे, यावर माझी पैज असते. ती सूत्राने लावली म्हणून पैज असायची थांबत नाही.

आणि सूत्रे काय आभाळातून पडतात? निफ्टी २०० मोमेंटम ३० घ्या. सहा आणि बारा महिन्यांचा परतावा घ्यायचा, त्याला चढउताराने भागायचे, गुण द्यायचे, तीस समभाग निवडायचे, जून आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मांडणी करायची. सहा आणि बाराच का, नऊ का नाही? तीसच का? ही प्रत्येक निवड कोणीतरी माणसाने केली आहे. हे झाले एका फॅक्टरचे. निफ्टी ५०० मल्टिफॅक्टर एमक्यूव्हीएलव्ही ५० मध्ये मोमेंटम, क्वालिटी, व्हॅल्यू आणि लो व्होलॅटिलिटी असे चौघे एकत्र नांदतात. त्यांतला मोमेंटम वर गेलेला समभाग मागतो, व्हॅल्यू स्वस्त समभाग मागतो. या दोघांत किती तडजोड करायची, तेही कोणीतरी ठरवलेच. फंड मॅनेजर रोज ठरवत होता, इथे एकदाच ठरवून ठेवले, एवढाच फरक.

‘मग निफ्टी ५० तरी कुठे शुद्ध आहे?’ हा आक्षेप मला मान्य आहे. तिथेही समिती आहे, तरलतेच्या अटी आहेत, वायदे बाजारात त्या समभागाचे व्यवहार व्हावे लागतात. पण भाव हलले की निफ्टी ५० मधली वजने आपोआप हलतात. सहा महिन्यांनी एखाद-दुसरी कंपनी बदलते. फॅक्टर निर्देशांकाला आपले रूप टिकवायचे तर दर मांडणीला बरेच विकावे आणि घ्यावे लागते. फंडाच्या आतल्या उलाढालीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे खरे. पण प्रत्येक बाजूला ०.१ टक्का एसटीटी (रोखे व्यवहार कर) लागतो. शिवाय मांडणी कधी बदलणार हे जगाला माहीत असल्यामुळे भाव आधीच सरकलेले असतात.

सगळ्यात जास्त खटकतो तो परताव्याचा आलेख. मोमेंटम ३० सुरू झाला ऑगस्ट २०२० मध्ये, आलेख मात्र एप्रिल २००५ पासून काढलेला. मधली पंधरा वर्षे कोणी जगलेली नाहीत. ती मागाहून मोजलेली आहेत. सूत्र पसंत पडले तेच मुळी त्या पंधरा वर्षांत ते चालले म्हणून. सप्टेंबर २०२४ नंतरच्या घसरणीत हाच निर्देशांक निफ्टी ५० पेक्षा बराच खोल गेला. ‘पॅसिव्ह आहे, शांत राहा’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांचे फोन तुम्हालाही आले असतील.

मी या फंडांच्या विरोधात नाही. खर्च कमी, नियम उघड, मॅनेजर नोकरी सोडून गेला तरी धोरण जागेवर. बाजाराच्या मागे पाच वर्षे राहायची ज्याची तयारी आहे, त्याला मी असा फंड सुचवतोही.

आपल्या सगळ्यांना विनंती दोनच. ग्राहकाच्या पत्रकात हा फंड ॲक्टिव्ह रकान्यात दाखवा. आणि आलेख दाखवताना निर्देशांक सुरू झाल्याच्या तारखेवर उभी रेघ मारा. रेघेच्या उजवीकडचा भाग आधी दाखवा, डावीकडचा ग्राहकाने मागितला तरच.