चित्रयंत्राच्या किल्ल्या



रेडिओवर एखादें दूरचें स्टेशन लावतांना काय करावें लागे, हें आपणांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. प्रथम नुसती खरखर. मग कांटा केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवावा, आणि त्या खरखरींतून हळूहळू कोणाचा तरी आवाज उमटूं लागावा. आज ज्या यंत्राविषयीं मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें, तें चित्रें काढणारें संगणकयंत्र पुष्कळसें याच रीतीनें काम करतें. फरक इतकाच, कीं रेडिओच्या खरखरीपलीकडे खरोखरच कोणी तरी बोलत असे; येथें पलीकडे कोणी नसतें.

मी या विषयांतला तज्ज्ञ नव्हे. मॅट्रिक झालों, मास्तरकी धरली आणि मुलांना गणित व मराठी शिकवून निवृत्त झालों. या यंत्राच्या वाटेला गेलों तो एका अडचणीमुळें. कोंकणांतल्या ज्या शाळेंत मी शिकलों व पुढें शिकविलें, तिचा शतसांवत्सरिक उत्सव येऊन ठेपला आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेंत जुन्या इमारतीचें चित्र हवें. परंतु ती इमारत १९७९ सालीं पाडली, आणि तिचें छायाचित्र कोणापाशींच नाहीं. आहे तें आमच्या ड्रॉइंगमास्तरांनीं काढलेलें पेन्सिलीचें एक रेखाचित्र. चिऱ्याच्या भिंती, उतरतें कौलारू छप्पर, पुढें पडवी, पडवीला पांच खांब. आणि त्यांतला शेवटचा खांब किंचित् बाहेर कललेला. तो कललेलाच होता. त्याला टेकूं नये, अशी आम्हां मुलांना सक्त ताकीद असे. चिटणीसांनीं मला कळविलें, “मास्तर, तुमचा नातू संगणकांत हुशार आहे, त्याच्याकडून एक रंगीत चित्र करवून पाठवा.”

मी पुण्यास मुलीकडे राहतों. नातवाच्या संगणकावर ‘स्टेबल डिफ्यूजन’ नांवाचा प्रोग्रॅम आहे. म्यूनिकच्या विद्यापीठांतील संशोधकांनीं रनवे या कंपनींतील सहकाऱ्यांसह त्याची पद्धति सिद्ध केली, स्टॅबिलिटी एआय या कंपनीनें त्यास संगणकबळ पुरविलें, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें तो सर्वांस खुला झाला. त्याच्या शिक्षणाची तऱ्हा मोठी मौजेची आहे. असंख्य चित्रें घ्यावयाचीं, प्रत्येकावर वाळू उधळावी तशी ठिपक्यांची खरखर थोडी थोडी चढवावयाची, आणि विचारावयाचें, “यांत वाळू कोणती, ओळख पाहूं.” हा अभ्यास पुरता झाला म्हणजे त्यास निव्वळ वाळू द्यावयाची व सोबत शब्दांनीं वर्णन द्यावयाचें. मग तें यंत्र पायरीपायरीनें वाळू झाडीत जातें आणि शेवटीं चित्र हातीं देतें.

पहिल्या दिवशीं मीं मॅट्रिकच्या इंग्रजीला ताण देऊन वर्णन लिहिलें. यंत्राची ही आवृत्ति मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेली असल्यानें ‘पडवी’ आणि ‘चिरा’ या शब्दांचा तिला बोध होत नाहीं. कळ दाबली, एक इमारत उभी राहिली. देखणी होती, पण तिला घड्याळाचा मनोरा होता आणि चिऱ्यांच्या जागीं भाजलेल्या विटा होत्या. नातू म्हणाला, “आजोबा, पुन्हा दाबूं.” पुन्हा दाबली, दुसरीच इमारत. संध्याकाळपर्यंत आम्हीं चाळीस शाळा बांधल्या. त्यांतल्या एकींतही मी शिकलों नव्हतों.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर ध्यानांत आलें, कीं दिवसभर केलेल्या या उद्योगाला प्रयोग म्हणतां यावयाचें नाहीं. रोप उजेडाकडे वळतें कां, हें पाहावयाचें तर माती, पाणी, कुंडी तींच ठेवा आणि उजेड तेवढा बदला, असें आपण लहान मुलांनाही सांगतों. येथें तर आरंभींची वाळूच दर वेळीं निराळी पडत होती! ती वाळू एका आंकड्यावरून ठरते. त्यास सीड, म्हणजे बीज, म्हणतात. आमच्या संगणकावर त्या रकान्यांत उणे एक असेल, तर यंत्र मर्जीस येईल तो आंकडा उचलतें. आपण एक आंकडा लिहून ठेविला, तर वाळूचा कण अन् कण ठरल्या जागीं पडतो. बीज, वर्णन, आकार, पायऱ्या आणि वाळू झाडण्याची पद्धति हीं सारीं तींच ठेविलीं, तर चित्रही तेंच येतें. दुसऱ्या दिवशीं मीं नवी वही घातली, रकाने आंखले, आणि नातवाला बजावलें, कीं एका वेळीं एकच किल्ली फिरवावयाची.

यांतली मोठी किल्ली गायडन्स स्केलची. प्रत्येक पायरीला यंत्र दोनदां विचार करतें. एकदां आपलें वर्णन वाचून, एकदां न वाचतां. या दोन उत्तरांतलें अंतर किती पटींनीं वाढवावयाचें, तें हा आंकडा सांगतो. सामान्यतः तो ७ किंवा ७.५ असतो. मीं ३ ठेविला, तेव्हां पावसाळी धुकें फार सुरेख उतरलें, पण पडवी नाहींशी झाली. १८ ठेविला, तेव्हां पडवी आली, परंतु भिंती कुंकवासारख्या भडक आणि सावल्या काजळासारख्या काळ्या. फार छडी चालविणाऱ्या मास्तरांच्या वर्गांतलीं मुलें अशींच उत्तरें देत. शब्द सगळे आणि जीव मुळींच नाहीं. आम्हीं ७ वर स्थिर झालों. पायऱ्यांविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं: वीस-तीस पुरतात, त्यापुढें बहुधा वीजच अधिक जळते. चित्राचा आकार मात्र उगाच वाढवूं नये. ही आवृत्ति ५१२ ठिपक्यांच्या चौकोनावर शिकलेली आहे. मीं दुप्पट रुंदी मागितली, तों एका शाळेला दोन दरवाजे आणि दोन घंटा आल्या.

आतां त्या मनोऱ्याची गोष्ट. मीं वर्णनांतच लिहिलें, ‘मनोरा नको’. मनोरा दिमाखानें आला, पूर्वीपेक्षां उंच. यंत्र ‘मनोरा’ हा शब्द ऐकतें. ‘नको’ त्याच्या कानांत शिरत नाहीं. (पाणी सांडूं नकोस म्हटलें कीं पोरगें हमखास सांडतें, तसेंच हें.) त्यासाठीं निराळा रकाना आहे, त्यास निगेटिव्ह प्रॉम्प्ट म्हणतात. वर्णन न वाचतां केलेला जो विचार मघाशीं सांगितला, त्याच्या जागीं हे नकोसे शब्द बसतात, आणि यंत्र त्यांच्यापासून दूर सरकत जातें. तेथें मनोरा, घड्याळ व विटा लिहिल्या, तेव्हां तीनही संकटें टळलीं. खांबांची संख्या मात्र कोणत्याही किल्लीला बधली नाहीं. पांच म्हणावें तर सात येत, कधीं चार. मोजणी हा या आवृत्तीचा कच्चा विषय आहे.

तेव्हां शब्दांचा नाद सोडून मीं ड्रॉइंगमास्तरांचें रेखाचित्रच यंत्रापुढें ठेविलें. अशा वेळीं निव्वळ वाळूपासून आरंभ होत नाहीं. आपल्या चित्रावर कांहीं वाळू टाकून तेथून पुढें काम चालतें. किती टाकावयाची, तें डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ नांवाचा आंकडा ठरवितो. शून्य म्हणजे मूळ चित्र जसेंच्या तसें; एक म्हणजे मूळ चित्र जवळजवळ पुसलेंच. सारी मेख या आंकड्यांत आहे. ०.३ वर खांब कललेला राहिला, पण चित्र पेन्सिलीचें तें पेन्सिलीचेंच. ०.५ वर कौलांस थोडी लाली आली आणि खांब सरळ झाला. ०.७ वर तर काय पाहतां! ओल्या चिऱ्यांवर शेवाळ, पन्हळींतून गळणारें पाणी, अंगणांत फणसाचें झाड. आणि पडवीला आठ ताठ खांब.

घरांत सर्वांना तें आवडलें. नातवानें उत्साहाच्या भरांत तें चिटणीसांना धाडूनही दिलें. दुसऱ्या दिवशीं एका वर्गबंधूचा टेलिफोन आला. “अरे, हीच ती! याच पडवींत आपण पाढे म्हणत होतों.” त्याचा गळा दाटून आला होता. मीं खांबांचें कांहीं बोललों नाहीं. त्याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. चित्र माझ्या टेबलावर होतें, येतां-जातां दृष्टीस पडे. आणि पंधरवड्यानें डोळे मिटून शाळा आठवूं लागलों, तों मलाही खांब सरळच दिसूं लागले. रेखाचित्र काढून पुन्हा मोजले तेव्हां जिवांत जीव आला.

मग युक्ति सुचली ती साधीच. रेखाचित्राची नक्कल काढून नातवाच्या रंगपेटींतले रंग मीं तिच्यावर ओबडधोबड भरले: कौलांना तांबडा, चिऱ्यांना तपकिरी, आभाळाला राखी. रंग मुळांतच असल्यावर यंत्राला फार मोकळीक द्यावी लागत नाहीं. स्ट्रेंग्थ ०.४ ठेविली, म्हणजे तीस पायऱ्यांपैकीं शेवटच्या बाराच चालल्या. पांच खांब आले, आणि पांचवा कललेला आला. शेवाळ नाहीं, फणसही नाहीं. रेषा घट्ट धरून ठेवणारी कंट्रोलनेट नांवाची एक जोड २०२३ सालीं निघाली आहे म्हणतात. परंतु नातवाची परीक्षा संपेपर्यंत ती आमच्या घरीं यावयाची नाहीं.

हें चित्र मीं धाडलें, आणि कळविलें, कीं रेखाचित्र पानभर छापा, ड्रॉइंगमास्तरांचें नांव घाला, आणि संगणकाचें चित्र त्याखालीं लहान छापून ‘रेखाचित्रावरून संगणकानें केलेलें’ असें स्पष्ट लिहा. चिटणीसांचा टेलिफोन आला. मुखपृष्ठ आधींच जुळलें होतें. आठ खांबांचें चित्र, आणि खालीं फक्त ‘आपली जुनी शाळा’. “मास्तर, येवढ्या तपशिलाला जागा कोठें आहे? आणि तें चित्र सगळ्यांना किती आवडलें आहे!” मीं म्हटलें, जागा नसेल तर चित्र गाळा, ओळ गाळूं नका. ते हंसले; समितींत विचारून सांगतों, म्हणाले.

मुखपृष्ठ या आठवड्यांत छापखान्यांत जावयाचें आहे. आंकड्यांची वही मीं टेलिफोनच्या शेजारीं ठेविली आहे.