मिटलेली वाट

मोठ्या कचेरींत किंवा रुग्णालयांत शेंकडों संगणक एकमेकांशीं सतत बोलत असतात. त्यांचे संदेश इकडून तिकडे पोंचविणाऱ्या यंत्रास स्विच म्हणतात. दोन स्विचांमध्यें एकच तार असेल, तर ती तुटतांच व्यवहार थांबतो. म्हणून दूरदर्शी योजक दुसरी तारहि जोडून ठेवतो. परंतु ही सावधगिरीच कित्येकदां संकटास आमंत्रण देते, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

त्याचें कारण असें. कांहीं संदेश सर्वांस उद्देशून असतात. असा संदेश ज्या दारानें आला तें सोडून बाकीच्या सर्व दारांनीं स्विच तो पुढें धाडतो. तारांचें वर्तुळ झालें असेल, तर संदेश फिरून पुन्हां तेथेंच येतो. ईथरनेटच्या संदेशास आयुष्याची मर्यादा नसते. तो आपण होऊन मरत नाहीं. उलट एकाचे अनेक होतात, आणि क्षणार्धांत साऱ्या तारा त्या निरर्थक गर्दीनें तुंबून जातात.

यावरील उपाय राडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीनें डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनींत असतांना शोधिला व १९८५ सालीं तो प्रसिद्ध केला. त्याचें नांव स्पॅनिंग ट्री. पारंब्यांच्या वडाची गोष्ट सोडली, तर झाडाच्या मुळापासून कोणत्याहि पानाकडे जाण्यास एकच वाट असते. त्याचप्रमाणें सारे स्विच निरोपांची देवघेव करून आपल्यांतील एकास मूळ ठरवितात, त्याच्याकडे जाणारी सर्वांत सोयीची वाट उघडी ठेवतात व जादा वाटा मिटवितात. चालू वाट तुटली, कीं मिटलेली उघडते. जुन्या पद्धतींत यास ३० ते ५० सेकंद लागत; २००१ सालच्या सुधारणेनें हा विलंब पुष्कळच कमी झाला.

मात्र मूळ कोणी व्हावें, हें यंत्रांवर सोंपवूं नये. प्रत्येक स्विचास अग्रक्रमाचा एक आंकडा असतो. ज्याचा आंकडा लहान, तो मूळ. कारखान्यांतून येतांना सर्वसाधारणपणें सर्वांचा आंकडा ३२,७६८ असतो. बरोबरी झाल्यास ज्याचा जन्मजात पत्ता लहान, तो जिंकतो, आणि असा पत्ता पुष्कळदां सर्वांत जुन्या स्विचाचा असतो. अशा रीतीनें अडगळींतील एखादें जीर्ण यंत्र साऱ्या इमारतीचें मूळ होऊन बसतें! म्हणून जाणता व्यवस्थापक मध्यवर्ती, बळकट स्विचास ४,०९६ आणि त्याच्या वारसास ८,१९२ असे आंकडे स्वतः देतो. ज्या दारांना केवळ संगणक जोडावयाचे, तेथें स्विचाचा निरोप आल्यास दार तत्काळ बंद व्हावें, अशीहि योजना तो करतो.

हें दुर्लक्ष किती महाग पडतें, तें २००२ च्या नोव्हेंबरांत बोस्टन येथील बेथ इस्राएल डीकनेस रुग्णालयांत दिसून आलें. स्पॅनिंग ट्रीच्या ठराविक वेळा ओळीनें सात स्विच धरून बसविलेल्या असतात. तेथील जाळें हळूहळू वाढत त्या मर्यादेपलीकडे गेलें होतें. अखेर तें कोलमडलें, आणि सुमारे चार दिवस डॉक्टर, परिचारिका व प्रयोगशाळा यांना कागदावर कारभार चालवावा लागला. रुग्णालयाच्या संगणकविभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनीं ही हकीकत पुढें उघडपणें सांगितली, म्हणूनच ती इतरांस धडा झाली.

एकदां मांडणी केली म्हणजे काम संपलें, असें नाहीं. कोणता स्विच मूळ आहे, कोणतीं दारें मिटलेलीं आहेत आणि मांडणी किती वेळां बदलली, हें वरचेवर पाहून कागदावरील नकाशाशीं ताडून घ्यावें लागतें. जें दार मिटलेलें असावयास हवें तें उघडें आढळलें, तर त्याचा शोध त्याच दिवशीं घेतला पाहिजे. कारण जाळें तुंबल्यावर दूर बसून स्विचास विचारण्याची वाटहि बहुधा त्याच गर्दींत बुडालेली असते.