छत पाडण्याची विद्या



अध्यक्षाची खुर्ची मानाची खरी, पण आयुष्यभर कोळशाच्या खाणींत वाकून चाललेल्या माणसाला एवढ्या उंच छताखाली जरा अवघडल्यासारखं होतं. तिथूनच सुरुवात करतो. उमेदवारीच्या काळात वर्धा खोऱ्यातल्या एका इनक्लाइनमध्ये, म्हणजे उतरत्या वाटेच्या खाणीत, एका म्हाताऱ्या खाण-सरदारानं मला काठीनं छत ठोकायला शिकवलं. ‘टण्’ वाजलं की चला पुढं, ‘ढब्’ वाजलं की मागं व्हा, साहेब. मी दिव्याचा झोत वर टाकला, तर वरही कोळसाच. किती आहे म्हणून विचारलं. “दहा-बारा मीटर तरी असंल.” मग काढत का नाही? म्हातारा हसला. “काढला तर उभं कशाखाली राहाल?”

सभागृहात कॉलेजची मुलं आहेत, पत्रकारही आहेत, म्हणून सांगतो. बोर्ड अँड पिलर पद्धतीत नियमानं गॅलरी 3 मीटर उंच आणि 4.8 मीटर रुंद, त्यापेक्षा मोठी नाही. थर पंधरा मीटरचा असला, तर आपण त्याच्या पोटात उंदरासारखी बिळं करतो आणि बाकीचं छत, जमीन आणि पिलर म्हणून सोडून येतो. वर्धा खोऱ्यातला जाड थर तर अनेक ठिकाणी याहूनही जाड आहे. कागदावर त्याला ‘राखीव साठा’ म्हणतात. पुढं त्याचा बराचसा भाग वरून उघड्या खाणींनी खणला गेला आणि मातीचे डोंगर ताडोबाच्या वेशीपर्यंत गेले.

लॉन्गवॉल टॉप कोल केव्हिंगची कल्पना सरदाराच्या प्रश्नाला उलटं उत्तर देते: उभे राहा लोखंडाखाली, आणि छत पाडा. जाड थराच्या तळाशी तीनेक मीटर उंचीचा लांब फेस, म्हणजे कोळसा कापायची भिंत, धरायचा. शिअरर नावाचं यंत्र पुढून कोळसा कापत जातं आणि तो पुढच्या साखळी कन्व्हेअरवर पडतो. माणसं पॉवर्ड सपोर्टच्या पोलादी छपराखाली. वरचा कोळसा पुढच्या दाबानंच चिरायला लागतो, आणि सपोर्ट खाली-वर होत पुढं सरकतो तसा आणखी भुगा होतो. सपोर्टच्या पाठीला एक झडप असते. ती उघडली की वरचा कोळसा मागच्या दुसऱ्या कन्व्हेअरवर ओतला जातो. सुरुंग नाही, काही नाही. फ्रेंच लोक अशा पद्धतीला ‘सुतिराज’ म्हणत. पिंपातून द्राक्षारस हलकेच दुसरीकडे काढून घेतात, त्याला तिकडे हाच शब्द आहे.

फ्रेंचांची ही दारू मुरली मात्र चीनमध्ये. पूर्वी तिथं जाड थर वरून खाली, तारेची जाळी अंथरून, एकेक पदर असा काढत. प्रत्येक पदराला वेगळे बोगदे लागत. 1980च्या दशकात शेनयांगजवळच्या पुहे खाणीत पहिले प्रयोग झाले, आणि पुढं दातोंगच्या ताशान खाणीत पंधरा-वीस मीटरच्या थरातून एकेका फेसनं वर्षाला 1 कोटी टनांच्या आसपास कोळसा दिला. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात ऑस्टर खाणीत ही पद्धत सुरू झाली तीही चिनी मालकीबरोबर. आपण मात्र याच फ्रेंचांकडून ब्लास्टिंग गॅलरी उचलली, रामगुंडम भागात वापरलीही. तीत वरचा कोळसा लांब भोकांतल्या सुरुंगांनी पाडायचा आणि रिमोटवरच्या लोडरनं उचलायचा. काम झालं, पण सुरुंगानं पाडणं आणि दाबाला पाडू देणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

सगळी मेख त्या झडपेत आहे. कोळसा संपून वरचा दगड यायला लागला की झडप बंद करायची. लवकर बंद केली तर कोळसा गोफमध्ये, म्हणजे मागच्या ढासळलेल्या पोकळीत, राहतो; उशीर केला तर राखेचं प्रमाण वाढतं आणि वॉशरीवाले आपल्या नावानं बोटं मोडतात. कंपनाचे, आवाजाचे, किरणोत्साराचे सेन्सर लावून पाहिले आहेत. तरी धुळीत उभा असलेला ऑपरेटर पत्र्यावरचा धपधप आवाज खणखणीत झाला की हात आवरतो. म्हणजे आमच्या सरदाराची काठीच, फक्त उलट्या अर्थाची: इथं ‘टण्’ वाजलं की थांबायचं.

आता हिशेब करू. थर 12 मीटर; तळचे 3 मीटर कापून घेतले आणि त्यातला 95 टक्के हाती आला. वरच्या 9 मीटरमधला 75 टक्के आला. बेरीज साधारण 9.6 मीटर, म्हणजे शंभरातले ऐंशी. टाळ्या वाजवण्याजोगा आकडा. पण उरलेला 2.4 मीटर कोळसा गेला कुठं? तो गोफमध्ये, चुरा होऊन, थोडी थोडी हवा मिळत पडून आहे. कोळशाला तापायला याहून सोयीची जागा नाही. म्हणून फेस वेगानं मागं घ्यायचा, गोफमध्ये नायट्रोजन सोडायचा, चिखल पंप करायचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा रोज वाचायचा. तुर्कस्तानातल्या सोमा इथं खाणीला लागलेल्या आगीत 13 मे 2014 रोजी 301 माणसं गेली, बहुतेक याच वायूनं. त्या खाणीतही वरचा कोळसा पाडूनच काढत. आगीच्या कारणांवर वाद झाले. पण यंत्रं घेताना आपण नायट्रोजनचा प्लँट ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलतो, ती सवय मी जवळून पाहिली आहे आणि मला ती मुळीच मान्य नाही.

दुसरी भीती उलट आहे: छत न पडण्याची. आपल्याकडच्याच लॉन्गवॉल खाणींत, 1990 साली चुर्चा इथं आणि 1997 साली कोट्टाडीह इथं, पॉवर्ड सपोर्ट चेपले गेले. चुर्च्याच्या थरावर डोलेराइट खडकाचा चांगलाच जाड पाट होता. तो लटकत राहिला आणि मग एकदम बसला. पडायला हवं ते वेळेवर पडलं नाही, म्हणून पोलाद दबलं. तेव्हा जाड कोळसा आहे एवढ्यावर ही पद्धत निवडता येत नाही. वरचा कोळसा स्वतः तुटेल का, त्यावरचा दगड लगेच येईल का, हे छिद्रं पाडून, गाभे हातात घेऊन आधी पाहावं लागतं. दुसऱ्या देशातल्या सपोर्टचं कॅटलॉग हे सांगत नाही.

वर्धा खोऱ्यात आणखी एक गोष्ट आहे: माणसं. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्गुसला एक घर सत्तरेक फूट जमिनीत गेलं; नशिबानं घरातली माणसं आधीच बाहेर आली होती. खाली जुनी खाण. पिलर ठेवले की जमीन सुरक्षित, हे आम्हीच लोकांना शिकवलं होतं. पिलर पिढ्यान्‌पिढ्या तग धरतो आणि मग कुणाला न विचारता बसतो. केव्हिंगची जमीनही बसते, काढलेल्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे काही मीटर. पण ती फेसच्या मागोमाग बसते, आणि कुठं बसणार याचा नकाशा आधी काढता येतो. शेतकऱ्याला तो नकाशा मराठीत, सातबाऱ्यासोबत, खणण्याआधी द्यावा. मग त्याचा ‘नाही’ ऐकायची तयारीही ठेवावी. तेवढं धैर्य नसेल, तर खोल, अस्पर्श थर आहेत तिथंच राहू द्या.

दुपारच्या सत्रात या पद्धतीवर तीन निबंध आहेत. लेखकांना माझा एकच प्रश्न आधी सांगून ठेवतो, तयारीला वेळ मिळावा म्हणून: तुमच्या फेसवर मागची झडप कधी बंद करायची हे कोण ठरवणार? आणि त्या शिफ्टला टनांचं उद्दिष्ट कमी पडलं, तर तो माणूस ती बंद करू शकेल का?