शिपायाची बायको कुणाची?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. ती सुटका तिथल्या सरकारने एका फटक्यात केली नव्हती. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

१८६१ साली तिथे उत्तर आणि दक्षिण अशी आपसात लढाई पेटली. राष्ट्राध्यक्ष लिंकन सुरुवातीला म्हणत होते, जिथे गुलामगिरी आहे तिथे आम्ही हात लावणार नाही. पण मे महिन्यात तीन गुलाम रात्री पळून उत्तरेच्या ताब्यातल्या मनरो किल्ल्यात आले. मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला. तिथले सेनापती बटलर पेशाने वकील. ते म्हणाले, शत्रू यांच्याकडून मोर्चे बांधून घेतो, म्हणजे हा युद्धात जप्त केलेला माल. मिळणार नाही! माणसाला माल म्हटलं, पण परत दिलं नाही. मग हजारो लोक, लेकरं काखेला मारून, छावण्यांकडे निघाले. कायदे त्यांच्या मागून आले.

एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मोकळे केले. माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली, ती मालकाला. राबणाऱ्यांना मागच्या मजुरीचा पैसाही नाही. सातबारा ज्याच्या नावावर त्यालाच पैसे, ओळखीचं वाटतं ना?

१ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखासाठी होता. केंटकी राज्य सरकारच्या बाजूचं, म्हणून तिथे गुलामगिरी चालूच. पुढच्या वर्षी तिथले काळे पुरुष कॅम्प नेल्सन छावणीत भरती होऊ लागले. भरती झाला तो मोकळा. हे ऐकताच आमच्या गटातल्या बायांनी एकच विचारलं, ‘आणि बायको?’

बायको, मुलं मालकाचीच. मालक राग त्यांच्यावर काढणार, म्हणून त्याही छावणीत येऊन राहिल्या. नोव्हेंबर १८६४ मध्ये कडाक्याच्या थंडीत तिथल्या अधिकाऱ्याने सुमारे ४०० बायामुलांना हाकलून दिलं, झोपड्या पाडल्या. शंभराच्या वर जीव गेले. जोसेफ मिलर या शिपायाचा आजारी मुलगा त्याच रात्री गेला. बापाने दुसऱ्या दिवशी पायी जाऊन, स्वतः खड्डा खणून त्याला पुरलं आणि शपथेवर जबानी दिली. अशा हकिगती वर्तमानपत्रात आल्या, तेव्हा सरकार हललं.

३ मार्च १८६५ ला कायदा झाला, की शिपायाची बायको आणि मुलंही मुक्त. गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागा नव्हती, मग लग्नाचा कागद कुठून आणणार? म्हणून नवराबायको म्हणून एकत्र राहत होते, एवढा पुरावा पुरेसा धरला.

ज्यांच्या घरातलं कुणी भरती झालं नव्हतं, त्या केंटकीतल्या बायांना मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्यघटना बदलेपर्यंत थांबावं लागलं.