खुनी कोण, ते न सांगता

रहस्यकथाकाराची एक अडचण आपण वाचक विसरतो. परीक्षणातली चूक दाखवायची, तर त्याला खुनीच उघड करावा लागतो!

अगाथा ख्रिस्तींच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वर ‘वाचकाला फसवले’ असा आरोप झाला. डोरोथी सेयर्स यांनी त्यांची बाजू घेतली: सगळ्यांवर संशय घेणे हे वाचकाचेच काम. स्वतः ख्रिस्तींनी १९७७ साली निघालेल्या आत्मचरित्रात सांगितले, की नीट वाचणाऱ्याला हा आरोप चुकीचा दिसेल. वेळेतली फट दोन अर्थांच्या वाक्यात झाकली आहे. ते वाक्य कोणते, हे आम्ही सांगणार नाही.

एवढेच म्हणू, दोष काढण्याआधी आपण ते पान पुन्हा उघडू या. लेखकाला बिचाऱ्याला तोंड उघडता येत नाही!