एक जोडी, दोन तऱ्हेचा बर्फ

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘बचत आणि गुंतवणूक’ हा विषय दिला होता. तो आपण दर दिवाळीला ऐकतोच, म्हणून मी बदलून मागितला. आपल्या चार-पाच घरांतली मुलं आता थंड देशांत आहेत आणि ‘बी’ विंगमधली तरुण मंडळी येत्या जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगला निघाली आहेत. तेव्हा आज स्कीची जोडी कशी निवडावी यावर बोलतो. मी स्वतः स्कीवर कधी उभा राहिलेलो नाही, गुडघे बघताच आहात. पण ३१ वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासले, आणि हा प्रश्न मला त्याच जातीचा वाटला.

आमची लेक-जावई स्वित्झर्लंडला असतात. दोन हिवाळे आम्ही उभयता त्यांच्याकडे होतो. शनिवार-रविवार ती सगळी एंगेलबर्गला जात. तुमच्यापैकी जे टूरबरोबर टिटलिसला जाऊन त्या फिरत्या केबल कारमध्ये बसून आलेत, त्यांनी हे गाव पाहिलंय. तिथे दोन तऱ्हेचा बर्फ असतो. एक म्हणजे पिस्ट, म्हणजे रात्री यंत्र फिरवून दाबलेली, आखलेली वाट. निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. दुसरा म्हणजे ऑफ-पिस्ट, वाटेबाहेरचा, न दाबलेला. तिथला लाउब नावाचा उतार तर हजार मीटरांहून जास्त सरळ खाली येतो, आणि जगभरचे लोक त्याच्यासाठी तिथे जातात.

नात १९ वर्षांची. तिला स्वतःच्या कमाईतून जोडी घ्यायची होती, पण एकच, आणि दोन्हीकडे चालणारी. घरात दोन पक्ष पडले. जावईबापू म्हणाले, ७२ मिलिमीटरची घे. नात म्हणाली, मित्रमैत्रिणींकडे आहे तशी १०६ची घेणार. हा आकडा म्हणजे बुटाखालची, स्कीच्या कमरेची रुंदी. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, टोक, कंबर आणि शेपूट, सगळे मिलिमीटरमध्ये. त्यातला मधला आधी वाचायचा.

का, तर कोकणातल्यांना लगेच कळेल. चिखलात नुसता पाय टाकला तर रुततो, फळी टाकली तर माणूस वर राहतो. ताज्या भुसभुशीत बर्फावर रुंद स्की तशीच तरंगते. पण सकाळच्या कडक, गोठलेल्या पिस्टवर तीच रुंदी नडते. वळताना पोलादी कडेवर उभं राहायचं असतं. स्की रुंद झाली की कड पावलाच्या मध्यापासून लांब जाते, एका कडेवरून दुसरीवर जायला वेळ लागतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून ८० पर्यंतच्या पिस्टच्या, १००च्या पुढच्या खोल बर्फाच्या, आणि मधल्या दोन्हीकडच्या असा ढोबळ हिशेब. दोन्हीकडच्या म्हणजे दोन्हीकडे थोडी तडजोड, हे दुकानदार सांगत नाही.

आता माझं काम आलं. कर्ज मागणारा पुढच्या वर्षीची विक्री नेहमी भव्य दाखवतो. आपण मागच्या तीन वर्षांचे खातेउतारे मागतो. मी नातीला म्हटलं, "गेल्या मोसमातले दिवस मांड." तिने फोनवरचे फोटो बघून मांडले. एकूण २२ दिवस. त्यांतले १६ पूर्ण पिस्टवर, ४ दिवस पिस्टच्या कडेच्या उकरलेल्या नाहीतर दुपारच्या ओल्या बर्फात, आणि खरा खोल ताजा बर्फ फक्त २ दिवस. ती म्हणाली, "आजोबा, पण आठवतात ते दोनच दिवस!" हेही खरं आहे. माणूस १६ दिवसांसाठी वस्तू घेत नाही, दोन दिवसांसाठी घेतो. आपल्याकडच्या डिनर सेटचं काय होतं?

शेवटी ८८वर तडजोड झाली. पण रुंदीबरोबर आकारही बघावा लागतो. जुन्या स्कीला धनुष्यासारखी कमान असे, दाबली की पूर्ण लांबीची कड बर्फाला चिकटते. नव्या बऱ्याच स्कींचं टोक होडीच्या नाळेसारखं लांबून उचललेलं असतं, त्याला रॉकर म्हणतात. खोल बर्फात ते बुडत नाही, पण पिस्टवर तेवढी लांबी हवेत राहते, म्हणून अशी स्की थोडी लांब घेतलेली चालते. मिश्र वापराला बुटाखाली कमान आणि पुढे रॉकर, ही जोडणी बरी. लाकडी गाभ्यावर धातूचे पत्रे असतील तर कडक बर्फावर स्की थरथरत नाही, मात्र जड होते. नात ५२ किलोची, म्हणून कमी धातूची घेतली. त्याआधी दोन जोड्या एकेक दिवस भाड्याने वापरून पाहिल्या. पुष्कळ दुकानं ते भाडं किमतीतून वजा करतात, पण विचारावं लागतं. आणि पैसे मोजकेच असतील तर आधी नीट बसणारे बूट.

लेकीचं भांडण रुंदीशी नव्हतंच. तिला वाटे, रुंद स्की आली की पोरगी वाटेबाहेर जाणार. ते चुकीचं नव्हतं. पिस्टवर हिमस्खलनाचा बंदोबस्त केलेला असतो, बाहेर तो आपल्या शिरावर. हिवाळ्यात दावोसच्या संस्थेचं धोक्याचं पत्रक रोज निघतं, पाच पायऱ्यांचं. पुष्कळ मृत्यू होतात ते पाचवर नव्हे, तीनवर, कारण तीनला लोक ‘मधलंच आहे’ म्हणून निघतात. बर्फाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच खरी आशा. बचाव पथक येईपर्यंत ती वेळ बहुधा संपलेली असते, म्हणजे काढणार ते सोबतचेच. लेकीने अट घातली की संदेशयंत्र, फावडं आणि शोधकाठी आधी, त्यांचा वर्ग आधी, स्की मागून. नातीने दोन दिवस तोंड फुगवलं. मग वर्ग केला, आणि मित्रांपैकी दोघांकडे फावडंच नाही, हे तिने स्वतः येऊन सांगितलं. त्यांच्याबरोबर ती त्या हिवाळ्यात पिस्ट सोडून गेली नाही. आजी रोज संध्याकाळी खिडकीशी बसायची, ते मात्र कमी झालं नाही.

‘बी’ विंगच्या मुलांनो, गुलमर्गचा हिशेब उलटा आहे. तिथे दाबलेली वाट थोडी, मोकळा बर्फ अफाट. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतवर ३,९०० मीटरांच्या वर नेतो, आणि तिथून खाली बहुतेक सगळं ऑफ-पिस्टच. शिकाऊ असाल तर खालच्या उतारावर साध्या अरुंद स्की भाड्याने घ्या. वर जाणाऱ्यांनी १०० किंवा जास्तच्या घ्याव्यात, आणि स्थानिक मार्गदर्शकाशिवाय जाऊ नये. प्रवासविम्याच्या पॉलिसीत अपवादांचं कलम बारीक अक्षरात असतं. वाटेबाहेरचं स्कीइंग पुष्कळदा तिथेच वगळलेलं सापडतं. निघण्यापूर्वी पॉलिसी माझ्याकडे आणून द्या, मी वाचून देतो. चष्मा नवा आहे.

चहा आलेला दिसतोय.