चट्टा पुन्हा सुजला, म्हणजे आजार परतला का?

मी सॉफ्टवेअरचा माणूस, डॉक्टर नाही. पण आमच्या खालूंमुळे कुष्ठरोगाबद्दल बरंच वाचावं लागलं, डॉक्टरांना विचारावं लागलं.

खालू जिंतूरचे. एमडीटीचा 12 महिन्यांचा कोर्स त्यांनी पूर्ण केला. आठ महिन्यांनी जुने चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले, कोपराजवळची नस दुखू लागली. मोहल्ल्याने निकाल दिला, बीमारी परत आली. त्यांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. खालूंनाही तेच खरं वाटलं. दीड महिना ते घराबाहेर पडले नाहीत.

आजार परतला नव्हता. एमडीटीतलं रिफाम्पिसिन बहुतेक जंतू काही दिवसांतच मारतं, पण मेलेल्या जंतूंचे अवशेष त्वचेत आणि नसांत वर्षानुवर्षं राहतात. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी कधीकधी उशिरा जाग्या होतात आणि त्या अवशेषांवर तुटून पडतात. डॉक्टर याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. आमच्या भाषेत, बग गेलाय, अलार्म वाजतोय. यातून कुणाला लागण होत नाही. पण ही लढाई नसेच्या आत चालते. प्रेडनिसोलोन वेळेत सुरू झालं तर नस वाचू शकते. खालूंचा तो दीड महिना गेला तो गेलाच. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजही सरळ होत नाही.

आजार खरोखर परतणं विरळा, आणि त्यात उलटं घडतं. ज्यांच्या अंगात जंतू फार होते, त्यांच्या टी पेशी या जंतूशी नीट लढतच नाहीत, आणि ही उणीव उपचारानंतरही बहुधा राहते. अँटिबॉडी भरपूर असतात, पण जंतू पेशींच्या आत बसलेला, तिथे त्यांचं काही चालत नाही. एखादा जंतू वाचलाच तर त्याला रान मोकळं. मात्र एकाचे दोन व्हायलाच त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून नवे चट्टे सावकाश, सहसा काही वर्षांनी उमटतात. तेव्हा एमडीटी पुन्हा घ्यावी लागते. शंका असेल तर कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन नमुना तपासतात.

1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे बायकोला घटस्फोट मागायला कारण होतं. 2019 मध्ये संसदेने ते काढलं, हिंदू विवाह कायद्यातूनही काढलं. खालूंच्या मुलीचं लग्न मोडणाऱ्यांना मात्र कायदा लागलाच नव्हता.

कोर्स संपल्यावरही चट्टा सुजला, नस दुखली, डोळा लाल झाला, हातातून वस्तू निसटू लागली, तर सरकारी दवाखान्यात लगेच जा. औषधं मोफत आहेत. गल्लीतल्या आशाताईंना विचारलंत तरी चालेल.

खालू आज मागच्या रांगेत बसलेत. बोटं बघायची असतील तर ते दाखवतात.